वहीचं शेवटचं पान

मी बी.एड. आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात मी फारसा बरा दिसत नाही, आणि निदान तेवढी एक गोष्ट तरी माझ्या बाजूनं पक्की असावी. तीस वर्षं नागपुरातल्या एका शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झालो, आणि त्यानंतर ट्यूशन क्लासेसना शिव्या घालणं हा माझा सकाळचा उद्योग झाला. पेपरात क्लासच्या जाहिरातींचं पान आलं की मी सुरू. कोण शिकवतो तिथं? कुठून शिकून आला? स्कूटर चालवायला लायसन्स लागतं, आणि पोरांना शिकवायला एक खोली नि पांढरा बोर्ड असला की झालं? बायको म्हणायची, "क्लासवाले येऊन राहिले का इथं ऐकाले? मले काहून सांगता जी?"

एका ऑगस्टमध्ये खरंच एक क्लासवाला ऐकायला आला.

तो माझा जुना विद्यार्थी. बी.कॉम. झालेला. नंदनवनमध्ये मिठाईच्या दुकानावरच्या मजल्यावर त्याचा क्लास होता, पाचवी ते दहावी. तो स्वतः काही शिकवत नसे, नुसता चालवत असे. पाया पडला, अर्धा चहा प्यायला आणि म्हणाला, "सर, एक पालक भल्ले भडकले. आता तुमीच काय ते सांगा जी."

भानगड अशी होती. त्याच्याकडं सातवीला गणित शिकवणारी बाई फक्त बारावी झालेली होती, तीही कला शाखेतून. मुळात ती रिसेप्शनवर हजेरी घ्यायला लागली होती. एके दिवशी गणिताचे सर न सांगता सोडून गेले, पोरं दंगा करत होती, म्हणून ती आत जाऊन बसली आणि मग आतच राहिली. त्याला नऊ वर्षं झाली. "दुसऱ्या बॅचची पोरं तिच्या बॅचमध्ये बसाले मागतात सर," तो म्हणाला. पण आता तक्रार आली होती. शिवाय क्लासमध्ये शिकवणाऱ्यांचं शिक्षण बोर्डावर लावावं लागणार, असा काही नियम येणार म्हणून चर्चा होती. माझ्याकडून त्याला एवढंच हवं होतं, की आठवडाभर तिचा वर्ग बघायचा आणि ही बाई शिकवायला राहावी की जावी ते लिहून द्यायचं. मी म्हणेन तसं तो करणार होता.

उत्तर मी तिथल्या तिथं देऊ शकलो असतो. पण निवृत्तीनंतर मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, बघावं लागेल. तो गेल्यावर बायको म्हणाली, "कोणी विचारलं की फुगलेच तुमी."

पहिल्या दिवशी ते तक्रारवाले पालक भेटले. हिंगण्याला एमआयडीसीत कामाला, शिफ्ट संपवून मोटरसायकलवर थेट आलेले, अंगात कंपनीचा निळा शर्ट. हातात मुलीचा घटक चाचणीचा पेपर. उणे तीन उणे पाच, उत्तर अधिक आठ. खाली अजून चार ठिकाणी तेच. "पोरीले विचारलं तर म्हणते, मॅडमनं सांगितलं, दोन मायनस आले की प्लस होते," ते म्हणाले. मग आवाज खाली आणला. "सर, आमच्या कंपनीत आयटीआय नसन तर मशीनले हात लावू देत नाही. लोखंड बिघडलं तर दुसरं आणता येते. पोरीचं सातवीचं वरीस मी दुसरं कुठून आणू?"

मला त्यांचं म्हणणं इतकं पटलं की थोडा हेवा वाटला. इतक्या वर्षांच्या शिव्यांत मला हे असं कधी मांडता आलं नव्हतं.

घरी येऊन माळ्यावरून बी.एड.च्या वेळची पाठ निरीक्षणाची वही काढली. प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, विषयज्ञान, दृढीकरण. ते रकाने उतरवून एक फॉर्म केला, प्रत्येकाला दहा गुण ठेवले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या बॅचला जाऊन मागच्या बाकावर बसलो.

ती पस्तिशीची असेल. कामठीहून शेअर ऑटोनं यायची, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत डबा आणि चार-पाच पेन्सिली. मी कशासाठी आलोय हे तिला माहीत होतं. तरी म्हणाली, "सर, तुमी पंख्याखाली बसा. तो कूलर नुसता आवाज करते." मग वर्गाकडं वळली आणि बोर्डावर एक गणित लिहिलं. प्रस्तावना नाही, हेतुकथन नाही, आणि अक्षर डावीकडून उजवीकडं चढावर चाललेलं. फलकलेखनाला मी तीन गुण दिले.

पाच मिनिटांनी ती बाकांमधून फिरायला लागली आणि म्हणाली, "मागचं पान."

सगळ्या पोरांनी वह्या उलट्या करून शेवटून उघडल्या.

हे पान सगळ्यांनाच माहीत असतं. वही पुढून पक्की आणि मागून कच्ची. पुढं समास, तारीख, उत्तराखाली दोन रेघा. मागं गुणाकार, खोडाखोड, पेन चालतं का बघायला काढलेली वेटोळी, फुली-गोळा, आणि शेजारच्याला लिहिलेलं काहीबाही. मला ही पानं बघवत नसत. मी तीस वर्षं ती फाडायला लावली. 'मागील पाने स्वच्छ ठेवावीत' असं लाल शाईनं मी किती वह्यांवर लिहिलं असेल, देव जाणे. आणि ही बाई पुढचं पान उघडतच नव्हती. उत्तर बरोबर आलेलं असो की चूक, ती मागच्या पानावर वाकायची, खोडलेल्यावरून बोट फिरवत वाचायची, मग पेन्सिलनं एका जागी छोटा गोल करायची आणि म्हणायची, "इथं अडकला तू." गोल चुकलेल्या आकड्यावर नसायचा. त्याच्या एक-दोन पायऱ्या आधी, जिथून पोराचं मन भलतीकडं वळलं तिथं असायचा. पोरगं जरा वेळ त्या गोलाकडं बघायचं, मग "हाव ना मॅडम" म्हणून पुढचं सगळं आपलं आपण खोडायचं.

माझ्या फॉर्ममध्ये याला रकाना नव्हता. मी प्रत्येक तासाच्या शेवटी "समजलं का?" असं विचारायचो. साठ पोरं एका सुरात "हो सर" म्हणायची आणि मी पुढच्या वर्गावर जायचो. ही बाई विचारतच नव्हती. याला गुण द्यायचे की कापायचे, हे मला ठरवता येईना, म्हणून मी समासात एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं.

तिसऱ्या दिवशी तिनं अकरा वह्यांवर एकाच जागी गोल केले. मग बोर्डापाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हे माझ्यामुळं झालं. दोन मायनसचा प्लस मी तुमाले गुणाकारात सांगितला, पण असा सांगितला की तुमी तो बेरजेतही घेऊन गेले." हिंगण्याच्या त्या पालकांची मुलगी दुसऱ्या बाकावर बसायची. तिनं हात वर केला. "पण मॅडम, गुणाकारात तरी प्लस काहून होते?"

बाईनं हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाली, "मले नाही माहीत. विचारून सांगते."

हे वाक्य मी वर्गात आयुष्यात उच्चारलेलं नाही. माहीत नसलं तरी म्हणायचं, हे पुढच्या वर्षी आहे. मी फॉर्मवर विषयज्ञानासमोर एक गुण लिहिला आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, सुटल्यासारखं. निकाल लागला होता.

वर्ग सुटल्यावर ती सरळ माझ्याकडं आली. "सर, तुमी सांगा ना. काहून होते?"

मी खिशातून पेन काढलं, कागदावर संख्यारेषा काढली, नियम लिहिले, एकाखाली एक पायऱ्या मांडल्या. ती सगळं नीट बघत होती. शेवटी म्हणाली, "सर, हे असं असते ते समजलं. काहून असते ते नाही समजलं."

मला राग आला. "अहो बाई, नियम आहे तो. नियम पाठ करायचा असतो," मी म्हणालो. आवाज वाढला असावा, कारण मालक केबिनमधून डोकावला. ती "बरं सर" म्हणाली, कागदाची घडी करून पिशवीत ठेवली आणि ऑटो सुटायला नको म्हणून घाईनं जिना उतरली. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. सिद्धता मला येत होती. आजही येते. पण इतक्या वर्षांत एका तरी पोराला मी 'काहून'चं उत्तर दिलं होतं का, ते मला काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी तिनं अख्खी बॅच पॅसेजमध्ये नेली. "सरांनी काल रेघ काढून दाखवली, ती ही," असं म्हणून फरशीच्या ओळीकडं बोट दाखवलं. मधल्या फरशीवर खडूनं शून्य. चपलांच्या स्टँडकडं प्लस, बाथरूमकडं मायनस. तोंड स्टँडकडं. "मायनस तीन, म्हणजे तीन फरश्या मागं. अजून मायनस पाच, अजून पाच मागं. आता कोणी प्लसमध्ये पोचलं का?" पोरं बाथरूमच्या दाराशी चेंगरून उभी, हसून हसून बेजार. बेरजेचा घोळ तिथंच मिटला. मग तिनं त्या मुलीला पुन्हा शून्यावर आणलं. "आता तोंड बाथरूमकडं कर. हा एक मायनस. आता तशीच उलट्या पावलानं चाल. हा दुसरा." मुलगी उलटी चालत निघाली आणि पाठीनं चपलांच्या स्टँडवर आदळली. सगळे हसले. ती हसली नाही. वळून बघत म्हणाली, "मॅडम, मी प्लसमध्ये आली."

मी दाराशी फॉर्म घेऊन उभा. रेघ माझी होती, पॅसेज तिचा होता. विषयज्ञानाचा एक गुण मी खोडला, आणि त्या जागी काय लिहावं ते सुचेना.

आता गोंधळ असा, की त्या बापाचं काही चुकत नव्हतं. चाचणी होऊन गेली होती, मुलीचे मार्क गेले होते. अकरा पोरांच्या डोक्यात एक चूक घुसली होती, आणि ती घालणारी ही बाईच होती. शिकलेल्या शिक्षकाकडून तसं झालं नसतं. नसतं का? माझ्या वर्गात किती पोरांनी उणे तीन उणे पाचचे आठ केले असतील, ते मला कुठं माहीत होतं? मी ती पानं फाडायला लावली होती. मी रात्रंदिवस उलटसुलट विचार केला. सकाळी वाटे, तिला काढलं पाहिजे. संध्याकाळी तिच्या वर्गात बसलो की वाटे, आधी मला काढायला हवं होतं.

शेवटी मी लिहून दिलं, 'विषयज्ञान अपुरे. अध्यापन उत्तम.' मालकानं कागद उलटा करून मागं काही आहे का पाहिलं. "म्हणजे ठेवू की काढू, सर?"

"मला कळत नाही," मी म्हणालो.

त्याला कळत होतं. दोन दिवसांत त्यानं तोडगा काढला. नवीन बोर्डावर सातवी गणितासमोर माझं नाव, पुढं बी.एस्सी., बी.एड. मी आठवड्यातून एकदा येऊन बसायचं. वर्ग तीच घेणार, रजिस्टरला 'सहायक' म्हणून. "सगळ्यांचं जमते सर," तो म्हणाला. तिला बोलावून विचारलं. तिनं एवढंच विचारलं, "पोरं हेच राहतीन ना?" हो म्हटल्यावर म्हणाली, "मग चालते."

मी हे तिची नोकरी वाचावी म्हणून केलं, असं म्हणायला मला आवडेल. पण बोर्ड लागला त्या दिवशी मी खालून त्याचा फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सत्तावीस अंगठे आले. बाईला मात्र मी बजावून सांगितलं, पदवी करून घ्या. तिनं मुक्त विद्यापीठातून बी.ए.ला नाव घातलं, ऑटोत पुस्तक वाचायला लागली. माझ्याच्यानं झालं तेवढं मी केलं, असं मी मनाला सांगितलं.

डिसेंबरात पालकसभा झाली. हिंगण्याचे ते पालक आले, या वेळी इस्त्रीच्या शर्टात, मुलीला घेऊन. मुलगी गणितात वर्गात दुसरी आली होती. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "सर, शेवटी क्वालिफाईड माणूस तो क्वालिफाईडच. मी म्हणत होतो ना?" ती बाई शेजारच्याच टेबलावर पालकांच्या सह्या घेत बसली होती. तिनं पेन पुढं केलं आणि त्यांना सहीची जागा दाखवली. मी म्हणालो, "मुलगी हुशार आहे." खोटं नव्हतं ते. मुलगी एकदा माझ्याकडं, एकदा मॅडमकडं बघत होती. बाप म्हणाला, "पाहून काय राहिली? सरांच्या पाया पड." ती वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला, आणि बाईकडं न बघता पुढच्या पालकांशी बोलायला लागलो. लाज वाटली, पण ती घरी येऊन बूट काढताना.

एप्रिलमध्ये एका दुपारी ती माझ्या घरी आली. ऊन असं की बायकोनं आधी तिला कूलरसमोर बसवलं आणि पन्हं दिलं, मग कोण-काय विचारलं. कामठीत तिच्या घराजवळच्या एका शाळेत मागं पडलेल्या मुलांसाठी सकाळचा वर्ग सुरू होणार होता. शिकवणारं कोणीतरी हवं होतं. पदवी चालू आहे म्हटल्यावर ते तयार होते. पण आधी शिकवल्याचा लेखी दाखला पाहिजे. "आमच्या मालकांजवळ गेली होती," ती म्हणाली. "ते म्हणतात, रजिस्टरला आधी रिसेप्शन लिहून आहे नि आता सहायक. शिकवत होती असं ते नाही लिहू शकत. सातवी गणिताचे सर तुमी आहात, तर तुमच्याकडून घ्या म्हणाले."

तिच्या आवाजात जराही राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

आजही मला कोणी विचारलं, की क्लासमध्ये शिकलेले, प्रशिक्षण घेतलेले शिक्षक असावेत का, तर मी हो म्हणेन. तो निळ्या शर्टातला माणूस डोळ्यांपुढं येतो आणि मी हो म्हणतो. पण त्या दुपारी प्रश्न तो नव्हता. तिनं नऊ वर्षं शिकवलं होतं आणि तसं सांगणारा एकही कागद जगात नव्हता. शिकवल्याचा जो एक बोर्ड होता, त्यावर माझं नाव होतं. खरं लिहावं, तर मी इतके महिने पालकांना फसवलं असं माझ्याच सहीनं ठरणार. नाही लिहावं, तर ती रिकाम्या हातानं कामठीला परत जाणार.

"बसा, लिहून देतो," मी म्हणालो. टेबलावर एक जुनी वही होती. कच्चं लिहायचं म्हणून हात आपसूक मागच्या पानाकडं गेला. 'प्रमाणित करण्यात येते की, माझ्या मार्गदर्शनाखाली यांनी...' मार्गदर्शनाखाली खोडलं. 'माझ्या सोबत.' खोडलं. 'माझ्या वर्गाला गणिताच्या अध्यापनात सहाय्य...' सहाय्य खोडलं, सहकार्य लिहिलं, तेही खोडलं. अर्धा तास गेला. पन्हं संपलं. बायको दोनदा येऊन बघून गेली. घाम कूलरसमोरही येत होता.

"दाखवा ना सर," ती म्हणाली.

"पक्कं नाही झालं अजून."

"कच्चंच पाहू द्या."

तिनं वही आपल्याकडं फिरवली आणि वाकून वाचायला लागली, खोडलेल्यावरून बोट फिरवत, सावकाश, सातवीच्या पोराचं वाचायची तसंच. पिशवीतून पेन्सिल काढली. मला वाटलं, आता 'सहाय्य'वर येणार. ती तिथं थांबलीच नाही. वर गेली, पहिल्या ओळीत, आणि 'माझ्या' या शब्दाभोवती छोटा गोल केला.

"इथं अडकले सर तुमी."

मग ती पन्ह्याचा ग्लास घेऊन आत ठेवायला गेली. मी जरा वेळ त्या गोलाकडं बघत बसलो, आणि 'माझ्या'पासून पुढचं सगळं खोडलं.